मदत हवी आहे : पूडलच्या केसांतल्या गाठी

आमची मिनिएचर पूडल (कुरळ्या केसांच्या जातीची छोटी कुत्री) 11 महिन्यांची आहे. पिल्लाचे मऊ केस जाऊन दाट कुरळे केस येण्याचं हेच वय. पण रोज विंचरूनही कानांमागे आणि काखेत गाठी होतातच. वरून केस छान फुललेले दिसतात, बोटं आत घातली की कातडीलगत घट्ट गुंता लागतो. गळालेले केस खाली न पडता कुरळ्यांतच अडकतात ना! कंगवा लावला की ती पाय ओढून घेते, फार वाईट वाटतं. मूळची पाण्यातून शिकार आणणारी जात, त्यामुळे पाणी दिसलं की उडी ठरलेली, आणि भिजलेल्या गाठी आणखी आवळतात.

सध्या सगळे केस बारीक कापून घ्यावेत का? की आंघोळीआधी गाठी न दुखवता सोडवता येतात? लोंबत्या कानांत ओल राहू नये म्हणून काय करता, तेही कृपया सांगा.