स्वस्त मायक्रोकंट्रोलरला १०० मेगाबिटची तार: गरज की नुसती हौस?

तारवाला: साध्या पिकोला (आरपी२०४० चिपवालं रास्पबेरी पायचं छोटं बोर्ड) लॅन८७२० चं, म्हणजे तारेवरचे सिग्नल सांभाळणाऱ्या 'फाय' चिपचं, छोटं बोर्ड जोडलं की १०० मेगाबिट इथरनेट चालतं. आरपी२०४० मध्ये मॅक (इथरनेटच्या फ्रेम, म्हणजे डेटाची पुडकी, हाताळणारा भाग) नाही, पण पीआयओ (पिना वेगाने हलवणारी छोटी प्रोग्रॅमेबल यंत्रणा) आहे. आरएमआयआयच्या (मॅक आणि फाय यांना जोडणाऱ्या तारांच्या) दोन-दोन डेटा लाइन ५० मेगाहर्ट्झवर त्यातूनच हलवायच्या आणि सीआरसीचं (फ्रेममधली चूक पकडणाऱ्या बेरजेचं) काम डीएमएच्या (प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवणाऱ्या भागाच्या) स्निफरवर सोपवायचं. माझ्या मते ही सोय हौशी बोर्डांवर आधीपासूनच हवी. वायफायवर सेन्सर मध्येच गायब झाला की दोष राउटरचा, अँटेनाचा की आपल्या कोडचा, हेच कळत नाही.

हिशेबी: तार हवी, मान्य. पण १०० मेगाबिट कशाला? सेकंदाला साडेबारा मेगाबाइट होतात, आणि चिपची सगळी रॅम २६४ किलोबाइट! २१ मिलिसेकंदांत काठोकाठ. ६४ बाइटच्या फ्रेम सलग आल्या तर सेकंदाला १,४८,८०० च्या आसपास. १३३ मेगाहर्ट्झवर एका फ्रेमच्या वाट्याला ९०० क्लॉक सायकलसुद्धा येत नाहीत. तेवढ्यात हेडर तपासणार की मूळ काम करणार?

तारवाला: असा पूर येतो कधी? स्विच दुसऱ्यांची रहदारी सहसा तुमच्या पोर्टवर सोडत नाही. मला वेग सलग नकोय, क्षणापुरता हवाय. १५१८ बाइटची फ्रेम इथे १२१ मायक्रोसेकंदांत जाते, १० मेगाबिटवर तिला १.२ मिलिसेकंद लागतात. ऑडिओ किंवा एलईडींची भिंत चालवून बघा, मग बोलू.

सोल्डरबहाद्दर: एवढा खटाटोप कशाला, डब्ल्यू५५०० ही तयार इथरनेट चिप लावा की. टीसीपी चिपमध्येच, बफर ३२ किलोबाइट, आठ सॉकेट (एका वेळच्या जोडण्या). वर ५० मेगाहर्ट्झचं क्लॉक जंपर वायरींवरून नाचवायची भानगड नाही. (ब्रेडबोर्डवर आरएमआयआय करणाऱ्यांना माझा दंडवत.)

तारवाला: ती चिप एसपीआय या साध्या जोडणीवर चालते, आणि त्यावर डेटा एकेक बिटने जातो. ३३ मेगाहर्ट्झ क्लॉक दिलं तर फार तर ३३ मेगाबिट, तेही कमांड-पत्त्याचे बाइट धरून. नववं सॉकेट लागलं की अडलात, आणि तिच्या हार्डवेअर स्टॅकला आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) येतच नाही.

हिशेबी: आधी ते ३३ तरी वापरून दाखवा! ज्याला खरंच वेग लागतो त्याने मॅक असलेली चिप घ्यावी. ईएसपी३२ मध्ये तो आहेच. टीन्सी ४.१ या बोर्डवर तर फायसुद्धा आहे, फक्त ट्रान्सफॉर्मरवाला जॅक जोडायचा.

सोल्डरबहाद्दर: ईएसपी३२ ला ५० मेगाहर्ट्झचं क्लॉक जीपीआयओ० या पिनवर दिलंत तर जपून. बूट मोड (चिप सुरू होताना काय करायचं) तीच पिन ठरवते.

तारवाला: आणि टीन्सी स्वस्तात कधीपासून मोजायला लागलात, हिशेबी?