शून्यता : कशाने रिकामी?

प्रश्न
वर्षावासाच्या (पावसाळ्यातल्या बौद्ध साधनाकाळाच्या) ग्रंथवाचनात 'शून्यता' हा शब्द आला आणि शेजारच्या आजी म्हणाल्या, "सगळंच शून्य असेल, तर शील पाळायचं कशाला?" मला काही सांगता आलं नाही. मराठीत या शब्दाचा अर्थ कसा सांगावा?

उत्तर
आजींची शंका फार जुनी आहे. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाच्या मूलमध्यमककारिका या ग्रंथातल्या २४व्या प्रकरणात प्रतिपक्ष जवळजवळ हेच विचारतो.

'शून्य' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाटीवरचा भोपळा येतो, आणि घोळ तिथेच होतो. खरं तर योग्य अर्थ मराठीतच आहे. 'विवेकशून्य माणूस' म्हणताना माणूस नाही असं आपण म्हणत नाही. तो समोर उभा असतो, विवेक तेवढा नसतो. जनशून्य रस्ताही रस्ताच असतो. म्हणून शून्य शब्द दिसला की आधी विचारावं : कशाची उणीव?

जुन्या बौद्ध ग्रंथांच्या पाली भाषेतही असंच आहे. चूळसुञ्ञत सुत्त या उपदेशात बुद्ध श्रावस्तीच्या मिगारमातेच्या प्रासादाचं उदाहरण देतात. तो प्रासाद 'सुञ्ञो हत्थिगवस्सवळवेन', म्हणजे तिथे हत्ती, गाई, घोडे, घोड्या नाहीत. सोनं-रुपंही नाही. पण भिक्खुसंघ आहे! जे नाही ते नाही म्हणायचं आणि जे उरलंय ते आहे म्हणायचं. मला हे उदाहरण सगळ्यांत जवळचं वाटतं. संयुत्त निकाय या सुत्तसंग्रहात बुद्धांचा शिष्य आनंद विचारतो, हा लोक, म्हणजे हे जग, शून्य आहे असं का म्हणतात? उत्तर मिळतं : 'अत्तेन वा अत्तनियेन वा', तो 'मी' आणि 'माझं' यांनी शून्य आहे म्हणून.

प्रश्न
मग अनत्ता (कायमचा 'मी' नसणं) आणि शून्यता एकच का?

उत्तर
नातं अगदी सख्खं आहे. पण नागार्जुन 'मी'पाशी थांबत नाही, प्रत्येक वस्तूला 'स्वभावशून्य' म्हणतो. इथे स्वभाव म्हणजे रागीट-शांत नव्हे. दुसऱ्या कशावरही न विसंबणारं, कुणी न घडवलेलं असं स्वतःचं अस्तित्व, तो स्वभाव. 'स्वभावाला औषध नाही' या म्हणीत ही न बदलणारी गोष्ट थोडी डोकावते, आणि नागार्जुन नेमकी तीच नाकारतो. सगळं कारणांवर उभं आहे, म्हणून कारणं बदलली की तेही बदलतं. आजींना हेच सांगा. राग कायमचा असता तर शील पाळून काय साधलं असतं? तो तसा नाही, म्हणूनच शीलाचा उपयोग होतो.

प्रश्न
'सुन्न' याच कुळातला का?

उत्तर
हो. शून्य, प्राकृतात सुण्ण, आपल्याकडे सुन्न आणि सुना. पण बातमी ऐकून मन सुन्न होतं, ती बधिरता शून्यतेच्या अर्थात मिसळू नका.