मदत हवी आहे: मेपलच्या गिटार नेकवर लॅकर दुधाळ झालंय

इलेक्ट्रिक गिटारचा कोरा नेक (दांडा) स्वतः फिनिश करायला घेतलाय. नेक आणि फ्रेटबोर्ड दोन्ही मेपलचे, फ्रेट (बोर्डावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आधीच बसवलेले. १२०, १८०, २२० नंबर अशा क्रमानं सँडपेपर मारला. ओल्या फडक्यानं पुसून तुसं उभी केली, वाळल्यावर ती ३२०नं हलकेच काढली. मेपलची रंध्रं बारीक, म्हणून फिलर लावला नाही. नटची (तारा टेकतात त्या पट्टीची) खाच आणि टाचेचा बॉडीत बसणारा भाग टेपनं झाकून नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या स्प्रेचे पातळ हात दिले.

दोन हात झकास बसले. तिसऱ्या दिवशी बाहेर झिमझिम पाऊस होता, पण मला कुठला धीर! दहा मिनिटांत टाचेपासून बाराव्या फ्रेटपर्यंत पांढुरका ढग पसरला. आज आठ दिवस झाले, तो तसाच आहे. सगळं खरवडून पुन्हा सुरुवात करायची का? फ्रेटवरही लॅकर बसलंय, तिथे टेप लावायला हवी होती का? आणि मागची बाजू अंगठ्याला चिकटते, त्याचं काय करू? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
खरवडू नका हो! थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं बाष्प त्यावर धरतं आणि थरात अडकतं. तोच तुमचा ढग. कोरड्या दिवशी त्या भागावर रिटार्डर (सावकाश उडणाऱ्या) थिनरचा अगदी हलका फवारा मारा. नायट्रो थिनरमध्ये पुन्हा विरघळतं, त्यामुळे अडकलेलं बाष्प सुटून जातं. पॉलियुरेथेन असतं तर ही सोय नव्हती. मास्क वाफा अडवणाऱ्या कार्ट्रिजचाच घ्या, कापडी नको, आणि आसपास ज्योत किंवा ठिणगी नको.

फ्रेटचं टेन्शन घेऊ नका. फेंडर कंपनीच्या गिटारच्या जुन्या मेपल फ्रेटबोर्डवरही फ्रेटसकटच लॅकर मारलेलं असायचं. पूर्ण सुकल्यावर फ्रेटच्या कडेनं धारदार पात्यानं बारीक रेघ ओढा, मगच वरचं लॅकर खरवडा. रेघ न ओढता खरवडलंत तर बोर्डावरच्या लॅकरचे टवके उडतील.

आठ दिवसांत चिकटणारच. तीन-चार आठवडे टांगून ठेवा आणि नाक लावून बघा. वास येतोय तोवर हात लावायचा नाही. मग फक्त मागची बाजू ०००० नंबरच्या स्टील वूलनं चोळा, मॅट होते आणि अंगठा सरकतो. हे काम नेक बॉडीला जोडण्याआधी उरका, नाहीतर लोखंडाचे कण पिकअपच्या (तारांचा आवाज टिपणाऱ्या भागाच्या) चुंबकाला जाऊन चिकटतात.

प्रतिसाद २
वरच्यात एक भर. हेडस्टॉक (नेकचं खुंट्यांचं टोक) चकचकीत करायला पाणी लावून घासणार असाल तर खुंट्यांची भोकं सांभाळा. आत पाणी गेलं की लाकूड फुगतं आणि भोकाभोवती लॅकरला तडे जातात.

धागाकर्ता
आज लख्ख कोरडा दिवस मिळाला. दोन फवाऱ्यांत ढग गायब! फक्त टाचेच्या वळणावर एक डाग उरलाय. समोरून दिसत नाही, उजेडात तिरकं धरलं की दिसतो.

प्रतिसाद १
तो डाग नव्हे, १२०च्या सँडपेपरच्या रेघा असणार. तिथे लाकडाच्या रेषांना आडवं घासलंत का?

धागाकर्ता
घासलं होतं. वळणावर कागद सरळ फिरेना म्हणून.

प्रतिसाद १
मग लॅकरनं त्या झाकणार नाहीत, उलट जास्त उठून दिसतील. तेवढाच भाग लाकडापर्यंत उतरवा, लाकडाच्या रेषांच्या दिशेनं २२० आणि ३२० मारा आणि पुन्हा पातळ हात द्या. नवा थर कडेच्या जुन्यात विरघळून जाईल, सांधा कळणार नाही.