टॅडालाफिल घेतल्यानंतरची कंबरदुखी, टॅम्सुलोसिनची जोड आणि जिभेखालच्या गोळीची धास्ती

नमस्कार. माझे वय ५४ असून मला मधुमेह आहे आणि रक्तदाबासाठी मी रोज अ‍ॅम्लोडिपिन घेतो. ताठरतेच्या तक्रारीसाठी डॉक्टरांनी आधी सिल्डेनाफिल ५० मिलिग्रॅम दिली होती. तिने काम होत असे, पण डोके ठणकायचे, कानशिले तापायची आणि काही वेळ पांढऱ्या भिंतीवर निळसर झाक दिसायची. ही गोळी ज्या एन्झाइमला रोखते त्याचाच एक भाऊबंद डोळ्याच्या पडद्यात असतो, त्यामुळे असे होते, हे समजल्यावर भीती गेली. तरी डॉक्टरांनी औषध बदलून टॅडालाफिल १० मिलिग्रॅम दिले.

आता निळसर दिसत नाही, मात्र रात्री गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी दुपारपासून कंबर आणि मांड्या दुखू लागतात. हे दुखणे ओझे उचलल्यावर लचक भरते तसे नसून खोलवर, दोन्ही बाजूंना सारखे असते आणि आडवे पडल्यावर अधिक जाणवते. गोळीसोबतच्या माहितीपत्रकात अशी पाठदुखी १२ ते २४ तासांनी सुरू होऊन बहुधा ४८ तासांत थांबते असे म्हटले आहे, आणि माझ्या बाबतीत ते तंतोतंत जुळते. ज्यांना हा अनुभव आला त्यांचे दुखणे पुढे सवयीने कमी झाले का, आणि गरजेपुरत्या १० ऐवजी रोजची ५ मिलिग्रॅमची गोळी सुरू केल्यावर काही फरक पडला का?

दुसरी शंका टॅम्सुलोसिनची आहे. लघवीची धार मंदावल्यामुळे दुसऱ्या डॉक्टरांनी ते नुकतेच लिहून दिले. दोन्ही औषधांनी रक्तदाब उतरू शकतो आणि उठून उभे राहताना चक्कर येऊ शकते, म्हणून दोन्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी ती एकत्र घेणार नाही. पण जे ही दोन्ही घेतात त्यांना कोणते औषध आधी स्थिरावू द्यायला सांगितले होते, हे कळले तर डॉक्टरांशी नेमके बोलता येईल.

खरी धास्ती मात्र तिसऱ्या गोष्टीची आहे. माझ्या थोरल्या भावाला अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखण्याचा त्रास) असल्याने आमच्या घरात आयसोसॉर्बाइडच्या गोळ्या कायम हाताशी असतात, आणि छातीत दुखले की त्यातली एक जिभेखाली ठेवायची हे घरातल्या प्रत्येकाला पाठ आहे. नायट्रेट म्हणजे रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या गटातले हे औषध टॅडालाफिलच्या अमलात पोटात गेले तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकतो. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टॅडालाफिलनंतर किमान ४८ तास नायट्रेट टाळावे लागते. मला हृदयाचा त्रास आहे का, एवढे डॉक्टरांनी विचारले होते. घरात दुसऱ्या कोणाची अशी गोळी आहे का, हे कोणी विचारले नाही, आणि माझ्या मते ते विचारायला हवे. पत्नीला सर्व ठाऊक आहे, पण ती घरी नसताना माझ्या छातीत कळ आली तर मुलगा चांगल्या हेतूनेच ती गोळी माझ्या तोंडात ठेवील. अशा वेळी काय करावे? कोणी पाकिटात औषधाचे नाव आणि घेतल्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी बाळगतो का? मोठ्या मुलांना कोणी स्पष्ट सांगितले असेल, तर कोणत्या शब्दांत सांगितले? रुग्णालयात तातडीने नेल्यावर ही माहिती डॉक्टरांपर्यंत पोहोचेल याची व्यवस्था कशी केली?

चार तासांहून अधिक टिकणारी ताठरता किंवा अचानक दिसेनासे अथवा ऐकू येईनासे होणे यांपैकी काही झाल्यास थेट रुग्णालय गाठायचे असते, हे मला माहीत आहे आणि तसे काही झालेले नाही. कृपया चूर्णे आणि ‘नैसर्गिक’ कॅप्सूल सुचवू नयेत. अशा उत्पादनांत छुपी सिल्डेनाफिल सापडल्याचे औषध नियंत्रकांनी वेळोवेळी जाहीर केले आहे, आणि डब्यावर नाव नसलेले औषध पोटात असेल तर भावाची गोळी मला द्यायची नाही, हे कोणाला कळणारच नाही.