मदत हवी आहे: अलीव-पॅनफिलोव मॉडेलमध्ये सर्पिल लाट टिकत नाही

खाजणकाठ (रत्नागिरी):
एमएस्सीच्या प्रकल्पासाठी हृदयाच्या ऊतीचा चौकोनी तुकडा पायथॉनमध्ये मांडलाय, अलीव-पॅनफिलोव मॉडेलने (हृदयातली विद्युत लाट दोन समीकरणांत मांडणारं). त्यात स्वतःभोवती फिरत राहणारी सर्पिल लाट हवी आहे. १०० × १०० बिंदू, दोन बिंदूंतलं अंतर ०.६, डी (प्रसरणाचा गुणांक) = १; बाकी मॉडेलचे स्थिरांक: के = ८, ए = ०.१५, एप्सिलॉन ०.००२, म्यू-१ ०.२, म्यू-२ ०.३. लाप्लासियन (शेजारच्या बिंदूंशी असलेला फरक) नमपाय या पायथॉन लायब्ररीच्या 'रोल'ने काढतो. डीटी (वेळेचं एक पाऊल) ०.१ ठेवला की थोड्याच पावलांत सगळीकडे 'नॅन' (आकडाच उरत नाही). ०.०२ ला चालतं, पण डाव्या कडेला एस-१ (लाट सुरू करणारा पहिला धक्का) दिला की उजवीकडूनही लाट निघते आणि दोन्ही मधोमध विझतात. एस-२ ने (सर्पिल सुरू करायचा दुसरा धक्का) एकतर काहीच होत नाही, नाहीतर गोल लाट पसरून संपते. कुठे चुकतंय?

सडेकर:
विझतात ते बरोबरच आहे. सड्यावरचं वाळकं गवत दोन बाजूंनी पेटलं की आगी भिडतात आणि संपतात, कारण पुढे जळायला काही उरलेलं नसतं. चूक आहे ती उजवीकडून लाट येण्यात. 'रोल' डावी कड उजवीला चिकटवतो, म्हणजे तुमचा तुकडा सपाट राहतच नाही. 'पॅड' वापरा, मोड 'एज', एक ओळ रुंदी. कडेबाहेर प्रवाह शून्य होतो. दर पावलाला नव्याने पॅड करायचं, एकदाच करून ठेवायचं नाही. (हे हमखास विसरतात.)

नॅनचं कारण साधं आहे. द्विमितीत डीटीची मर्यादा म्हणजे अंतराचा वर्ग भागिले ४ डी: ०.३६ ÷ ४ = ०.०९. तुम्ही ०.१ घेतलात. फुटण्याआधीचं चित्र काढून बघा, बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी दिसेल. ०.०२ च ठेवा.

माडाची झावळ:
एस-२ आधी वेग तपासा. वर्गमूळ (के × डी ÷ २) गुणिले (१ − २ए), म्हणजे १.४. ६० एकक रुंदीला साधारण ४३ वेळ-एककं लागायला हवीत. जाळी जाड असेल तर लाट याहून हळू जाते, म्हणून ०.६ चं १ करू नका, लाटेच्या चढत्या कडेवर जेमतेम दोन बिंदू उरतील.

एस-२ डाव्या-खालच्या चतुर्थांशात द्यायचा, पण लाटेची शेपूट त्याच चौकोनातून जात असताना. लवकर दिलात तर तिथली ऊती अजून सावरलेली नसते, काहीच होत नाही. उशिरा दिलात तर सगळीकडे सावरलेली, म्हणून गोल लाट. घड्याळावर विसंबू नका. चौकोनाच्या उजव्या भागात व्ही (सावरण्याचा चल; चढा म्हणजे ऊती अजून सावरलेली नाही) अजून चढा आणि डाव्या भागात उतरलेला दिसला की द्या. मग एकेक वेळ-एकक सरकवत बघा. सर्पिलाचं टोक कडेला जाऊन मरत असेल तर तुकडा २०० × २०० करा.

खाजणकाठ:
पॅडने लाट एकटीच जाते आता. वेळ मिलिसेकंदात कसा सांगू?

सडेकर:
१२.९ ने गुणा. व्होल्टेज १०० यू − ८० मिलिव्होल्ट (यू म्हणजे मॉडेलमधला व्होल्टेजचा चल). पण अहवालात 'मानवी हृदय' लिहू नका, १९९६ चं हे मॉडेल कुत्र्याच्या हृदयावर बेतलेलं आहे. मानवी जवनिकेसाठी टेन टुशर-पॅनफिलोव (२००६) घ्या: अंतर ०.२५ मिमी, डी ०.१५४ चौ. मिमी प्रति मिलिसेकंद, डीटी ०.०२ मिलिसेकंद. त्यातल्या गेटांना (आयन-वाहिन्यांची उघडझाप दाखवणारे चल) साधी ऑयलर पद्धत लावू नका, रश-लार्सन ही घातांकी पद्धत लावा.