फ्लॉपीवरचे जुने दिवाळी अंक वाचवायचेत, मदत करा

वाचनवेडा: आमच्या वाचनालयाचे १९९८ ते २००३ चे दिवाळी अंक पेजमेकरच्या (पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या) फाइलींत आहेत, काही अजून फ्लॉपीवरच. फाइल उघडली तर मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं न् चिन्हं दिसतात. छापील प्रती वाळवीने खाल्ल्या, म्हणजे उरलंय ते एवढंच, काय करू?

अक्षरजुळारी: घाबरू नका, मजकूर आत शाबूत आहे. तेव्हाचे फाँट युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला कोड देणारी आजची पद्धत) नव्हते, इंग्रजी अक्षरांच्या कोडवरच मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असायचे, त्यामुळे फाँट नसला की असं दिसतं. आधी तोच फाँट शोधा, अंक जुळवला त्या डीटीपीवाल्याकडे बहुतेक मिळेल. मग मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर वापरा, पण प्रूफ वाचाच, ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हमखास चुकतात कारण जुन्या फाँटमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर.

जुनीडिस्क: त्याआधी फ्लॉपी!! कोपऱ्यातली पट्टी सरकवून भोक उघडं ठेवा म्हणजे चुकून काही लिहिलं जाणार नाही, मग यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हने अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे एका फाइलीत हुबेहूब नक्कल, घ्या. १.४४ एमबीचीच तर आहे. काम फक्त कॉपीवर करायचं.

वाचनवेडा: फाँट मिळाला तर पीडीएफ करून ठेवलं तर चालेल का?

अक्षरजुळारी: पीडीएफ/ए (दीर्घकाळ जतनासाठीचा पीडीएफचा प्रकार) करा, त्यात फाँट आतच राहतो, पान जसंच्या तसं दिसेल. पण शोधता येणार नाही, म्हणून युनिकोड मजकूरही वेगळा ठेवा. आणि मूळ फाइली कृपया डिलीट करू नका.