गोव्यातल्या ब्रूपबमध्ये ताजी बीअर प्यालात? तुमचे अनुभव लिहा

मुंबई, पुणे, बेंगळुरूत जम बसलेल्या ब्रूपबच्या शाखा आता आपल्याकडेही निघाल्यात. बीअर तिथेच टाक्यांत तयार होते, नळाने थेट ग्लासात येते आणि सोबत जेवण. गोव्यात थंडगार बाटली गावोगावच्या बारमध्ये मिळतेच. मग चार पैसे जास्त मोजून तिथे काय वेगळं मिळतं, ते मला आपल्या माणसांकडून ऐकायचंय. काय प्यालात, काय खाल्लंत, बिल किती झालं, घरी कसे पोचलात, सगळं लिहा. जागेचं नाव नको, चव मात्र नीट सांगा. सुरुवात मीच करतो, बाकीच्यांचे अनुभव त्यांच्या गावाच्या नावाखाली.

पर्वरी

मी आणि बायको बुधवारी संध्याकाळी गेलो. गर्दी नव्हती. काचेपलीकडे माणसाच्या दुप्पट उंचीच्या स्टीलच्या टाक्या, त्यांना खाली निमुळते कोन. काय मागवावं कळेना म्हणून चवीची फळी घेतली: लाकडी फळीवर सहा छोटे ग्लास, प्रत्येकात शंभर मिलीच्या आसपास.

गव्हाची बीअर तोंडाला लावली आणि पिकलेल्या केळ्याचा वास आला, मागोमाग लवंगेचा. मला वाटलं इसेन्स घातलाय. वाढणाऱ्या मुलाला विचारलं, तर तो आतून बीअर बनवणाऱ्यालाच घेऊन आला. तो म्हणाला, यात केळं नाही आणि लवंगही नाही, दोन्ही वास यीस्टचे. या जर्मन पद्धतीच्या बीअरमध्ये किमान निम्मं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, गव्हाचं असतं, आणि तिचं यीस्ट आंबवता आंबवता केळ्याच्या वासाचंच द्रव्य तयार करतं. शेजारचा ग्लास बेल्जियन पद्धतीचा होता, त्यात मात्र खरोखरच धणे आणि संत्र्याची साल घालतात. बायकोने डोळे मिटून घोट घेतला आणि म्हणाली, "धणे आहेत खरे." रोज मसाला भाजणारी ती, तिला ते माझ्याआधी कळलं.

हॉप्सचा, म्हणजे बीअरमधल्या कडवट फुलांचा, भरपूर मारा असलेली आयपीए तिला सोसली नाही. कडू, आणि तो कडवटपणा घशात रेंगाळतो. मला तीच सगळ्यात आवडली, पण खाणं आल्यावर. चोरिसांच्या, म्हणजे गोव्याच्या डुकराच्या सॉसेजच्या, तुकड्यांचा पिझ्झा होता. चोरिसांची चरबी आणि व्हिनेगरचा आंबटपणा जिभेवर असताना वर तो कडू घोट घेतला की तोंड साफ होतं, पुढचा तुकडा पुन्हा पहिल्यासारखा लागतो.

पहिल्यांदा जात असाल तर आधी फळीच मागवा. आणि "एकदम चिल्ड" मागू नका. आपल्याला इथल्या उकाड्यात सवय तीच आहे, पण फार गार बीअरने जीभ बधिर होते. आमचा गव्हाचा ग्लास पाच-दहा मिनिटं तसाच राहिला, तेव्हा कुठे ते केळं पूर्ण उमललं.

वाळपई

आमचा काजूचा धंदा. मोसमात घरामागे भट्टी पेटते, त्यामुळे आंबण्याचा वास मी लहानपणापासून ओळखतो. त्या पबमध्ये शिरताना मला बीअरचा नाही, भिजवलेल्या धान्याला उकळी येते तसा गोडसर वास आला. त्या दिवशी माल शिजत होता.

मी भट्टीचा माणूस आहे कळल्यावर बनवणाऱ्याने मला आत नेलं. जवाचं माल्ट दळून साधारण पासष्ट अंशांच्या पाण्यात तासभर मुरवतात, त्यातल्या स्टार्चची साखर होते. तो गोड काढा गाळून घेतात, हॉप्स टाकून तासभर उकळतात, गार करतात आणि मग यीस्ट सोडतात. मी म्हटलं, आमच्या बोंडूच्या, म्हणजे काजूच्या फळाच्या, रसात बाहेरून काहीच टाकावं लागत नाही, तो आपला आपण दोन-तीन दिवसांत आंबतो. तो हसला आणि म्हणाला, आमची सगळी धडपड तेच होऊ नये म्हणून असते. हवेतलं कुठलंही यीस्ट शिरलं की हजार लिटर वाया. म्हणून दिवसातला निम्मा वेळ त्यांचा टाक्या, पाइप आणि नळ धुण्यात जातो. या एका गोष्टीने माझा त्या जागेबद्दलचा आदर वाढला. आमच्याकडेही भाण, म्हणजे गाळण्याचं भांडं, नीट घासलं नाही तर हुर्राकाला, काजूच्या पहिल्या धारेच्या दारूला, वास मारतो, आणि गिऱ्हाइकाला तो पहिल्या घोटात कळतो.

एल या प्रकारची बीअर आठवड्याभरात आंबून होते. लागर या दुसऱ्या प्रकाराला कमी तापमान लागतं आणि कित्येक आठवडे टाकी अडून राहते. म्हणून छोट्या जागांत लागरचे प्रकार कमी दिसतात. आपण मात्र तिथे जाऊन लागरच मागतो, कारण बाटलीतली बहुतेक बीअर लागर असते. मीही तीच मागितली होती. पुढच्या वेळी मागणार नाही, तिच्यासाठी टाकी किती अडकून राहते ते आता बघितलंय.

त्यांच्याकडे भिरंडांची, म्हणजे कोकमाची बीअर होती. जर्मनीत मीठ घालून आंबटसर बीअर करण्याची जुनी पद्धत आहे, त्या धर्तीची. रंग सोलकढीत नारळाचं दूध पडण्याआधीचा. आंबट, खारट, शेवटी हलकी तुरट. माझ्या मते त्या जागेत गोव्याची म्हणावी अशी ती एकच बीअर होती, आणि दुर्दैवाने तीच संपत आली होती.

मडगाव

आम्ही चौघे. पाचशे मिलीचे सहा ग्लास, दोन प्लेट चिकन विंग्ज, एक बर्गर, एक कॅफ्रियाल. साडेचार हजारांच्या वर बिल. त्यात सेवाशुल्क धरलेलं. ते ऐच्छिक आहे: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. मी शांतपणे सांगितलं, त्यांनी वाद न घालता काढलं. वाढणाऱ्या पोराच्या हातात मी वेगळे तीनशे दिले, कारण त्याने खरंच मनापासून वाढलं होतं.

विंग्ज मुंबईच्या शाखेत खाल्ल्या तशाच, चांगल्या. कॅफ्रियाल मात्र नुसता हिरवा सॉस ओतलेलं चिकन. कोथिंबीर-मिरचीचं वाटण मांसात मुरलेलंच नव्हतं.

फोंडा

मी पीत नाही, तरी लिहिते, कारण माझ्यासारख्या पुष्कळ जणी नवऱ्याबरोबर किंवा ऑफिसच्या लोकांबरोबर जातात. मला गव्हाचा आणि जवाचा त्रास आहे, सिलियाक. बीअर जवाची, म्हणजे ती मला एरवीही चालली नसती. तिथे सफरचंदाची सायडर असते, तिच्यात धान्य नसतं, ज्यांना प्यायची आहे त्यांनी ती विचारावी.

माझा प्रश्न खाण्याचा होता. बटाट्याच्या फ्राईज मागवल्या आणि सहज विचारलं, तळता कशात? बीअरच्या पिठात घोळवलेले मासे तळतात त्याच तेलात. म्हणजे त्या फ्राईज माझ्यासाठी बाद. मेनूवर हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. पण आतल्या शेफने बाहेर येऊन माझं ऐकून घेतलं आणि वेगळ्या तव्यावर सुंगटं (कोळंबी) रवा न लावता, तांदळाच्या पिठात भाजून दिली. लिंबू, मीठ, हळद, बस्स. टेबलावरच्या सगळ्यांनी माझ्या ताटातली खाल्ली. विचारायला लाजू नका, एवढंच माझ्यासारख्यांना सांगेन.

वास्को

फिश अँड चिप्स. मासा बासा निघाला, म्हणजे तळ्यात पाळलेला. जुलै महिना होता, जून-जुलैचे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, हे मान्य. मग मेनूवर "आजचा गोव्याचा मासा" कशाला लिहायचं? आतून पांढरा, ओला, चव नसलेला. वरचं कवच मात्र सुरेख: बीअरमधल्या वायूने पीठ हलकं होतं, बोटाने दाबलं की कागदासारखं चुरतं. असं कवच चोणकाला मिळालं असतं तर मी दर आठवड्याला गेलो असतो.

आणखी एक. दुसऱ्या ग्लासाला लोण्यात भाजलेल्या पॉपकॉर्नसारखा वास होता. आंबण्याचं काम पुरतं झालं नाही किंवा नळ स्वच्छ नसला की असा वास राहतो. मी ग्लास परत केला. त्यांनी चव घेऊन पाहिली, माफी मागितली, दुसरी दिली आणि तो नळ त्या रात्रीपुरता बंद केला. पैसे देऊन पिताय, तर बेलाशक सांगा. ग्लासाच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले तर तोही बदलून मागा, तो नीट धुतलेला नसतो.

आसगाव, मूळ पुणे

पुण्यात २००९ साली डुलाली सुरू झालं तेव्हापासून मी ताजी बीअर पितोय. या नावाची गंमत आपल्या लोकांनी लक्षात ठेवावी: नाशिकजवळच्या देवळालीच्या लष्करी छावणीत गोरे शिपाई मायदेशीच्या जहाजाची वाट पाहत महिनोन्‌महिने अडकायचे, कंटाळून त्यांचं डोकं फिरायचं, म्हणून इंग्रजीत वेडसरपणाला देवळालीचाच अपभ्रंश, "डुलाली" रूढ झाला.

साखळीतल्या जागेबद्दल मला एकच तक्रार वाटायची, सगळीकडे तेच ते. इथे मत थोडं बदललं. कृती तीच असली तरी प्रत्येक ठिकाणचं पाणी वेगळं, आणि बीअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. त्यातले क्षार सांभाळावे लागतात. त्याच साखळीची तीच काळी स्टाउट मला पुण्यात जास्त रुक्ष लागली होती, इथे गोलाई होती, भाजलेल्या जवाचा कॉफीसारखा कडवटपणा मऊ झाला होता. सोबत बेबिंका मागवून बघा. जायफळ, नारळाचा रस आणि करपलेल्या साखरेचे ते थर त्या काळ्या बीअरशी असे जुळतात की मी त्या संध्याकाळी दुसरं काही खाल्लंच नाही.

बाटलीत भरून घरी न्यायची असेल तर फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. ही बीअर पाश्चराइज केलेली नसते.

सावंतवाडी

आम्ही मित्र महिन्यातून एकदा गोव्याला उतरतो. जाण्याची सोय आधी ठरवा, मग बीअर. रक्तात १०० मिलीला ३० मिलीग्रॅम ही मर्यादा आहे, पहिल्यांदा सापडलात तर दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याहून मोठी गोष्ट, आमच्या वर्गातला एक मुलगा असाच रात्री परतताना महामार्गावर अपघातात गेला. त्यानंतर आमच्यात नियम आहे: एक जण पीत नाही आणि त्याचं जेवण बाकीचे भरतात. खाजगी बस अंधार पडल्यावर विरळ होतात, टॅक्सी आयत्या वेळी मिळेलच असं नाही. २१ वर्षं पूर्ण नसलेल्या भावंडांना सोबत नेऊ नका, गोव्यात वयाची अट तीच आहे.

डिचोली

कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माल्टमधून रस काढल्यावर जो ओला चोथा उरतो, तो आमच्या मामांच्या गोठ्यात येतो. आठवड्यातून दोनदा टेम्पो सकाळीच जाऊन ड्रम भरून आणतो. वाफ निघत असते, रंग फिकट तपकिरी, वास ताज्या भाकरीसारखा. प्रथिनं भरपूर असतात, गाई आवडीने खातात. आपल्या हवेत दोन दिवसांवर टिकत नाही, आंबट होतो, म्हणून लगेच वाटून टाकावा लागतो. मामांनी त्या पबमध्ये कधी पाऊल टाकलेलं नाही, पण कुठल्या दिवशी तिथे माल शिजतो ते त्यांना पाठ आहे.

म्हापसा

बाबांना घेऊन गेलो. वय ७४, आयुष्यभर संध्याकाळी एक फेणी, लिंबू आणि मीठ. बाटलीच्या बीअरला ते हात लावत नाहीत, पोट फुगतं म्हणतात. त्यांनी वाढणाऱ्याला विचारलं, "पायंट आहे का रे?" त्याने विलायती हिशेबाचा पिंट, म्हणजे ५६८ मिलीचा ग्लास आणून ठेवला. आपल्याकडे पायंट म्हणजे ३३० मिलीची बाटली. बाबा ग्लासाकडे बघतच राहिले. परत न्यायला निघाला तर म्हणाले, राहू दे.

त्यांनी ग्लास खिडकीच्या उजेडाकडे धरला. गव्हाची बीअर गढूळच असते. ते म्हणाले, "सुरासारखी दिसते." त्यांच्या लहानपणी पोदेर, म्हणजे पाववाला, माडाच्या सुरावर (ताडीवर) पीठ फुगवायचा. सुरातलंही यीस्टच. तेव्हाच्या पोयाला, म्हणजे कोंड्याच्या पावाला, जी हलकी आंबूस चव होती ती आता राहिली नाही, हे ते घरी नेहमी सांगतात. पहिला घोट घेऊन ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पावाचा वास आहे याला. भट्टीतून काढल्या काढल्या येतो तसा."

पोय होता मेनूवर. मागवला, त्यात रेशाद मसाल्याचे बांगडे भरलेले. बाबांनी पोय फोडून आधी नुसताच तुकडा खाल्ला, कोंडा बघितला, मान हलवली. बांगडा ताजा होता. मसाला थोडा गोडाकडे झुकलेला, तो त्यांनी बोटाने बाजूला सारला आणि मासा संपवला. ग्लास अर्ध्याहून जास्त प्यायले, उरलेला मला दिला.

निघताना काचेपाशी थांबून त्यांनी टाक्या मोजल्या. आठ होत्या. मग दारावरच्या मुलाला विचारलं, "ती गव्हाची परत कधी काढणार?"